तांब्याचा ठोकळा

जुन्या वस्तूंविषयी लिहायचे म्हटले की आपल्याकडे अडकित्ता, फिरकीचा तांब्या, आजोबांचे किल्लीचे घड्याळ अशा गोष्टींकडे लेखणी आपोआप वळते. त्या वस्तूंभोवती एक अख्खी पिढी उभी असते, त्यामुळे लिहिणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहोत ती तेवढी भाग्यवान नाही. ती जेमतेम पंधरा वर्षांची आहे, मुठीत मावते, आकाराच्या मानाने वजनाला बरीच भरते, आणि ती कशासाठी आहे हे आमच्या घरातील निम्म्या माणसांना अजूनही सांगता येणार नाही. संगणकातील ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवण्यासाठी त्यावर बसवायचा तो तांब्याचा ठोकळा आहे. बाजारात त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. आमच्या घरी तो पहिल्या दिवसापासून ठोकळाच आहे.

ठोकळ्याची रचना साधी असते. खाली तांब्याचा गुळगुळीत तळ, जो तापणाऱ्या चिपवर टेकतो. तळाच्या वरच्या अंगाला बारीक उभ्या पात्यांची रांग कोरलेली. तिच्यावर झाकण, झाकणाला दोन भोके. एका भोकातून पंप पाणी आत ढकलतो, ते पात्यांमधून वाहते, दुसऱ्या भोकातून बाहेर पडून रेडिएटरकडे जाते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि परत येते. यात जादू काही नाही. एक लिटर हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता एक लिटर पाण्याला लागते. मिनिटाला अवघे एक लिटर पाणी फिरत असले तरी १७० वॅट उष्णता उचलताना ते अडीच अंशांहून अधिक तापत नाही. मोठ्या यंत्रांना ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक आहे. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३०८१ या मेनफ्रेममधील चिप्स पाण्याने निववल्या जात; नव्वदच्या दशकात कमी वीज खाणाऱ्या चिप्स आल्या तेव्हा त्या यंत्रांतून पाणी हद्दपार झाले, आणि विजेची भूक पुन्हा वाढल्यावर ते परत आले. पुण्यात आयसरमध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही थंड करणारा द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेलेला आहे. सांगायचे इतकेच, की आमचा छंद विक्षिप्त असला तरी त्याचे कुळ चांगले आहे.

२०१० साली आम्ही ठोकळा घेतला तो त्याच वर्षी बाजारात आलेल्या जीटीएक्स ४८० या कार्डासाठी. त्या कार्डाची उष्णता कागदोपत्रीच २५० वॅट होती. ठोकळे दोन जातींचे मिळत. एक जात कार्डाच्या नकाशाबरहुकूम कापलेली. ती मुख्य चिपबरोबर मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भागही झाकते, पण एकाच कार्डाला चालते. दुसरी जात फक्त मुख्य चिपवर बसते. तिची पट्टी बदलली की ती दुसऱ्या कार्डावर चढवता येते. आम्ही दुसऱ्या जातीचा घेतला. ‘कार्डे येतील आणि जातील, ठोकळा राहील’ असे एक वाक्य तेव्हा आम्ही घरात उच्चारले होते. पुढे कार्ड गेले, आणि ठोकळा माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात राहिला. ते वाक्य मात्र माळ्यावर गेले नाही. दर दिवाळीच्या साफसफाईला आम्हाला ते ऐकवले जाई.

डबा पुन्हा उघडण्याचे निमित्त आमचा भाचा झाला. तो ॲनिमेशन शिकतो. आठ महिने शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने एक वापरलेले आरटीएक्स ३०६० कार्ड घेतले. कार्ड उत्तम होते. त्याच्या एका पंख्याचे बेअरिंग तेवढे खरखरत होते. दिवसा ते कुणाच्या कानावर आले नसते. पण रेंडरचे काम रात्रभर चालते, ताईचे घर दोन खोल्यांचे आहे, आणि संगणक ज्या खोलीत आहे तिथेच भाच्याची आजी झोपते. चार रात्री आजींना झोप लागली नाही. पाचव्या दिवशी भाचा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, असा पंखा कुठे बदलून मिळतो का, तुम्हाला माहीत असेल.”

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळ होते. तपकीर गल्लीत दोन दुकाने हिंडल्यावर तसा पंखा काही शे रुपयांत मिळाला असता. आम्ही ते उत्तर दिले नाही. आम्ही माळ्यावर चढलो.

येथे आमच्या स्वभावाविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. आमची पिढी शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ करीत वाढली. वस्तू फेकणे हे आमच्या लेखी आळसाच्या जवळचे पाप आहे. पण त्या दिवशी माळ्यावर चढताना आमच्या मनात काटकसर कमी आणि ते पंधरा वर्षांपूर्वीचे वाक्य जास्त होते. ठोकळा राहील, असे आम्ही म्हटले होते. तो नुसता राहून उपयोग नव्हता, तो चालताना घरच्यांना दिसायला हवा होता. भाच्याची अडचण ही आम्हाला आमची संधी वाटली. हे तेव्हा कळले नव्हते असे नाही. कळले होते आणि आम्ही तिकडे पाहिले नाही.

डब्यातून निघालेला ठोकळा काळा पडला होता. झाकण उघडले तर पात्यांच्या मधे पांढरट चिकट थर साचलेला. प्लॅस्टिकच्या नळ्या मऊ राहाव्यात म्हणून त्यांत जे द्रव्य घालतात, ते वर्षानुवर्षे पाण्यात उतरत राहते आणि सर्वांत अरुंद जागी जाऊन बसते. तो थर साबणाच्या गरम पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशाने काढला. तांब्याचा काळेपणा घालवायला आमच्या घरात जे देवघरातल्या भांड्यांना वापरतात तेच वापरले: चिंच आणि मीठ. चिंचेतील आम्लात तांब्यावरचा काळा थर विरघळतो आणि खालचे तांबे शाबूत राहते. दहा मिनिटांत ठोकळा नैवेद्याच्या वाटीसारखा उजळला. झाकणाखालची रबराची कडी चपटी होऊन कडक झाली होती; ती बदलली.

नळ्या जोडण्याच्या तोट्यांचे आम्हाला भय होते. पंधरा वर्षांत सगळे बदलले असेल, जुन्या भोकांना बसणारी तोटी आता कोण करीत असेल, अशी चिंता होती. ती व्यर्थ ठरली. या ठोकळ्यांच्या भोकांना पाव इंची पाइपाचे आटे असतात, इंचाला एकोणीस. पाव इंची म्हणायचे आणि मोजायला जावे तर बाहेरचा व्यास तेरा मिलिमीटरच्या किंचित वर भरतो. कारण मूळ माप आटे पाडलेल्या पाइपाच्या आतल्या पोकळीचे होते. या आट्यांचा ५५ अंशांचा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराचा. १८४१ साली त्याने सगळ्या कारखान्यांनी एकाच पद्धतीचे स्क्रू वापरावेत अशी सूचना मांडली, त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. बोहरी आळीतल्या दुकानात ‘पाव इंची बीएसपी’ म्हटल्याबरोबर दुकानदाराने मान वर न करता पितळी तोट्यांचा खोका पुढे सरकवला. संगणकासाठी हव्या आहेत हे त्याला सांगायचीही गरज पडली नाही. वाफेच्या युगातला एक करार आमच्या ठोकळ्याच्या कामी आला.

कार्डाच्या बाजूला असा कोणताही करार नव्हता. ठोकळा चिपवर दाबून धरण्यासाठी चिपभोवती चार भोके असतात. त्यांच्यातले अंतर ठरवणारा कुणी व्हिटवर्थ झालेला नाही. आमच्या जुन्या पट्टीची भोके नव्या कार्डाच्या भोकांवर बसेनात. फरक करंगळीच्या नखाएवढाही नव्हता, पण स्क्रू जाईना. नवी पट्टी करून घेणे आले. ती आम्ही लेथ चालवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडून करून घेतली. अंतरे व्हर्नियरने तीन वेळा मोजून कागदावर लिहून नेली होती. त्यांनी कागद पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, हे मोजलंय की कुठून उतरवून घेतलंय?” मोजले आहे म्हटल्यावर त्यांनी तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घेतला. भोके थोडी लांबट ठेवली तर चुकले तरी सावरता येईल, असे आम्ही सुचवले. ते म्हणाले, “लांबट भोक सोयीचं वाटतं. पण मग स्क्रू कुठे उभा राहायचा ते भोक सांगत नाही, तुम्हाला सांगावं लागतं, दर वेळी.” भोके गोलच पाडली गेली आणि ती बरोबर बसली.

पट्टी आल्यावर आम्ही एक हिशोब केला आणि तो करताना थोडे चमकलो. जुने कार्ड २५० वॅटचे, नवे १७० वॅटचे. पंधरा वर्षांपूर्वी जो ठोकळा मोठे ओझे वाहत होता त्याला हे काम किरकोळ, असे आम्ही गृहीत धरले होते. पण जुन्या चिपचे क्षेत्रफळ ५२९ चौरस मिलिमीटर होते आणि नवीचे २७६. ढोबळ मानाने, जुन्या चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून अर्ध्या वॅटहून कमी उष्णता निघत होती. नव्या चिपमधून सहादशांश वॅट निघते. एकूण ओझे कमी झाले, पण ते लहान जागेत गोळा झाले. शिवाय जुन्या चिपवर धातूचे झाकण होते. नवीचा काचेसारखा ठिसूळ सिलिकॉन उघडाच असतो. एका बाजूचा स्क्रू आधी आवळला तर ठोकळा कलून तिचा कोपरा उडू शकतो. म्हणून स्क्रू तिरके समोरासमोरचे, एका वेळी अर्धा फेरा, असे आवळायचे. आम्ही ते अत्यंत काळजीपूर्वक केले. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी भरले, प्रत्येक जोडाखाली टिपकागद ठेवला आणि कार्डाला वीज न देता नुसता पंप चोवीस तास चालवला. कागद कोरडे राहिले.

शनिवारी संध्याकाळी ताईकडे सगळे बसवले. खोलीत ३१ अंश तापमान होते. रेंडर सुरू केल्यावर चिप ५२ अंशांवर जाऊन थांबली. आधी ती ७५च्या आसपास असे. रेडिएटरचा मोठा पंखा सावकाश फिरत होता आणि खोलीत आजींच्या जपाची पुटपुट ऐकू येत होती. भाचा खूष झाला. ताईने शिरा केला. आम्ही शिरा खात खात आजींना व्हिटवर्थची गोष्ट सांगितली. ठोकळा राहील, हे वाक्य आम्ही पुन्हा उच्चारले की नाही ते आता आठवत नाही. उच्चारले असण्याचाच संभव अधिक आहे.

पहाटे दोन वाजता भाच्याचा फोन आला. पडदा काळा झाला होता, कार्ड पुन्हा सुरू होत नव्हते, आणि सोमवारी सकाळी त्याला त्याच्या आयुष्यातले पहिले पैशांचे काम द्यायचे होते. तो घाबरलेला होता. “मामा, आपलं काही चुकलं असेल का?” असे त्याने विचारले. आपलं, असा शब्द त्याने वापरला होता.

आम्ही म्हणालो, “वापरलेलं कार्ड आहे बाबा. कार्डातच दोष असेल. घेताना नीट पाहिलं होतंस ना?”

हे वाक्य लिहिताना आजही हात थबकतो. कारण कार्ड का बंद पडले असेल याची आम्हाला त्या क्षणी पक्की कल्पना होती. कार्डाच्या मूळच्या हवेच्या कूलरखाली केवळ मुख्य चिप नसते. मेमरीच्या सहा चिप्स असतात, आणि कडेला वीज पुरवणारे लहान काळे भाग ओळीने बसवलेले असतात. ते बारा व्होल्टची वीज घेऊन मुख्य चिपला लागणाऱ्या सुमारे एक व्होल्टवर उतरवतात, म्हणजे शंभर अँपिअरच्या आसपासचा प्रवाह त्यांतून जातो, आणि त्या व्यवहारात थोडी वीज त्यांच्या अंगातच उष्णता होऊन राहते. मूळ कूलर या साऱ्यांना मऊ उष्णतावाहक पट्ट्यांनी स्पर्श करीत असतो, आणि त्याच्या पंख्यांचा वारा उरलेल्यांवरून जात असतो. आम्ही तो कूलर काढला, त्या जागी फक्त मुख्य चिपवर बसणारा ठोकळा ठेवला, आणि बाकीचे सारे उघडे सोडले. पडद्यावर दिसणारे ५२ अंश मुख्य चिपचे होते. शेजारच्या भागांवर काय चालले आहे हे दाखवणारा आकडा तिथे नव्हता.

हे आम्हाला ठाऊक नव्हते असे म्हणता आले असते तर निभावले असते. पण जुन्या कार्डावर २०१० साली त्या भागांना बारीक धातूचे पंख चिकटवून वर वेगळा पंखा लावणारे आम्हीच होतो. ते पंख त्याच बिस्किटांच्या डब्यात होते. त्यांचे चिकट कागद वाळून गेले होते, नवे आणायला सोमवार उजाडला असता, आणि शनिवारी संध्याकाळी दाखवायचे असे आम्ही ठरवून बसलो होतो. ‘एक-दोन दिवस चालून जाईल’ असे आम्ही मनाशी म्हटले होते. चालून जाण्याची पैज आम्ही लावली होती, आणि पणाला त्याचे आठ महिने होते.

रविवारी सकाळी आम्ही ताईकडे गेलो. रात्रभर भाच्याने कार्ड विकणाऱ्याशी झालेला सगळा व्यवहार आठवून काढला होता. आपण कुठे फसलो हे तो शोधत होता. ताई त्याला म्हणत होती की एवढी घाई कशाला केलीस. आजी गप्प होत्या. त्या खोलीत आम्ही सोडून प्रत्येकजण स्वतःला दोष देत होता. आम्ही बसलो, आणि पंखांचा डबा पुढे ठेवून जे होते ते सांगितले. कार्डात दोष नाही, तू फसला नाहीस, हे लावायला हवे होते, मला माहीत होते, मी लावले नाही. लेखात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. त्या दिवशी ‘मी’ म्हणावे लागले.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग आधी ते चालू होतंय का बघू.” कार्ड एव्हाना पूर्ण थंड झाले होते. ठोकळा उतरवला, मूळ कूलर त्याच्या खरखरत्या पंख्यासह परत चढवला, आणि वीज दिली. पडदा उजळला. फार तापल्यावर ते भाग स्वतःला बंद करून घेतात. त्यांनी तेच केले होते. आमच्यापेक्षा त्यांना मर्यादा अधिक कळत होती. त्या रात्री आजी आमच्या घरी झोपल्या, कार्ड खरखरत राहिले, आणि सोमवारी काम वेळेवर गेले.

आमच्या आजीने शिवलेली एक गोधडी घरात आहे. तिच्यात चार जुनी लुगडी आहेत आणि कुठले कापड कुठे विरले आहे हे शिवताना आजीला हातानेच कळत होते, म्हणून विरलेले आत गेले आणि धडके वर आले. जुने वापरणे आम्ही गोधडीसारखेच सोपे समजत आलो. लुगडे आपल्याशी जेवढे उघडपणे बोलते तेवढे यंत्र बोलत नाही. एक भाग काढून दुसरा बसवताना, काढलेला भाग नावापलीकडे आणखी काय काय करीत होता याची यादी आधी करावी लागते. आमचा ठोकळा पंधरा वर्षांपूर्वी जे करीत होता ते आजही तेवढेच चोख करतो. जे तो तेव्हाही करीत नव्हता, ते आमच्या अभिमानाने विसरून टाकले होते.

पंधरा दिवसांनी भाचा पुन्हा आला. आम्हाला वाटले, पंख्याचे दुकान विचारायला आला असेल. आम्ही पत्ता लिहूनच ठेवला होता. त्याने तो घेतला, घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाला, “पंखा आणतोच. पण मामा, ठोकळाही बसवू परत. या वेळी यादी मी करतो.” त्याची यादी दोन पानांची झाली. मेमरीच्या सहा चिप्स, वीजपुरवठ्याचे सगळे भाग, प्रत्येकावर पंख आणि नवे चिकट कागद, वर वारा घालणारा १२० मिलिमीटरचा पंखा, आणि त्या भागांना स्पर्श करणारा एक स्वस्तातला तापमापक, ज्याचा आकडा पडद्याशेजारी दिसत राहील. एका ओळीत त्याने लिहिले होते: ‘उष्णता खोलीतच राहणार.’ ते खरे आहे. १७० वॅट म्हणजे स्वस्थ बसलेल्या जवळजवळ दोन माणसांची ऊब. पाणी ती नाहीशी करीत नाही, चिपवरून उचलून रेडिएटरपाशी सोडते. म्हणून रेडिएटर आता खिडकीत आहे.

स्क्रू त्याने आवळले. समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, मोजत. आम्ही विजेरी धरून शेजारी उभे होतो. आजींनी विचारले, आता तरी नीट झाले का? भाचा म्हणाला, आठ दिवसांनी सांगतो.